कबरीवरचा बुधला

नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपायथ्याला, मोज्यांच्या गिरणीत गार्लंड सिगमन पोट भरायचा, पण त्याचा जीव अडकलेला जुन्या मातीच्या बुधल्यांत. लाकडाची राख आणि कुटलेली काच कालवून झिलई चढवलेले, हिरवट ओघळांचे बुधले. कुणाच्या कोठारात काकवीचा, कुणाच्या जिन्याखाली रॉकेलचा बुधला दिसला की गडी तिथेच रुतायचा. टिचकी मारायचा, कान लावायचा, आत नाक घालून वास घ्यायचा. बायको म्हणायची, "माझ्या पातेल्यात कधी एवढं नाक घातलं नाहीस!"

त्याचं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीने. लोक बुधल्याला भोक पाडायचे, वायर ओवायचे आणि टेबलावरचा दिवा करायचे. भोक पडलेल्या बुधल्याला मग बाजारात कुत्रंही विचारत नसे. "असल्यांचे हात कलम केले पाहिजेत," असं तो चर्चच्या पायरीवरसुद्धा बिनदिक्कत म्हणायचा.

म्हातारी नेट्टी हेफनर कुंभाराची लेक. तिच्या वडिलांचे बुधले गार्लंडने गावोगाव हिंडून जमवले होते, पण त्या कुंभाराच्या हातचा सगळ्यांत देखणा चर्चमागे, एका कबरीवर होता. नेट्टीचा धाकटा भाऊ लहानपणीच तापाने गेला, तेव्हा बापाने त्याच्यासाठी वीतभर उंचीचा बुधला घडवला. भट्टीत झिलईला काय झालं देव जाणे, खांद्यावरून निळाशार ओघळ उतरला. दर मे महिन्यात कबरी सजवायच्या दिवशी नेट्टी त्यात फुलं ठेवायची. गार्लंड शेजारी उभा राहून त्या ओघळाकडे टक लावून बघायचा. मागायची हिंमत मात्र त्याला कधी झाली नाही.

मग जुन्या बुधल्यांचे भाव चढले आणि कबरींवरचे बुधले चोरीला जाऊ लागले. शेवटी नेट्टीने गार्लंडला बोलावून भावाचा बुधला त्याच्या हाती दिला.

"ने घरी. चोराच्या घशात जाण्यापेक्षा तुझ्याकडे बरा."

"अगं मावशी, पण..."

"नाटकं पुरे. इतकी वर्षं लाळ गाळतोयस, मी काय आंधळी आहे?"

गार्लंडने तो खिडकीत ठेवला. सकाळचं ऊन निळ्या ओघळावर पडलं तेव्हा त्याला रडूच आलं. इतकी सुंदर वस्तू त्याच्या घरात कधी आली नव्हती. पण पोराची बुधल्याविना ओकी पडलेली कबर काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस तो धड जेवला नाही. मग त्याने ड्रिल काढलं.

कबरी सजवायच्या दिवशी नेट्टी येऊन पाहते तर बुधला जागच्या जागी. खाली, दर्शनी बाजूलाच, बोट जाईल एवढं भोक.

"हे कुणी केलं?" तिने शेजारी उभ्या गार्लंडला विचारलं.

"पाणी साचून थंडीत गोठलं की फुटतात गं. निचरा नको का व्हायला?"

"माझा जन्म गेला, तो काही फुटला नाही."

गार्लंडने मान खाली घातली. "आता त्याला कुणी नेणार नाही, मावशी."

नेट्टीने त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"काय रे, असल्यांचे हात कलम करायचे होते ना?" ती म्हणाली. "आण बघू इकडे."

त्याने मुकाट्याने हात पुढे केले. तिने त्यांत फुलं दिली. "यंदा तू ठेव."