सागवानी गलबताचे दोर

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दारव्ह्यात घरी बसून लाकडी गलबतं करायला लागलो. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजण्याच्या गडबडीत.

फर्निचरच्या दुकानातून सागवानाच्या बारीक पट्ट्या आणायच्या, गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या, सांगाड्यावर चिकटवून कपड्यांच्या चिमट्यांनी दाबून ठेवायच्या. पहिलं गलबत तडकलं. दुसरं एका अंगाला कललं. तिसरं जमलं: हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं.

दोर बांधणं मात्र माझ्याच्यानं होईना. बायकोनं वीसेक वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले होते. आठवडाभर तिनं माझी धडपड पाहिली आणि एका सकाळी चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"सरका तिकडं. गाठ मारून राह्यले का सूड घेऊन राह्यले?"

धाग्याची लव बसावी म्हणून तिनं तो मेणावरून ओढला आणि सुईनं गाठी मारायला सुरुवात केली. चार महिन्यांनी डोलकाठ्यांवर दोरांचं असं जाळं झालं, की येणारा-जाणारा दारात थबकायचा.

त्यातच गल्लीतल्या एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, राजूरहून एक पाहुणे आले. नौदलातून निवृत्त झालेले. कुणीतरी सांगितलं म्हणून गलबत पाहायला घरी आले. वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"सर, काम लय भारी आहे. पण हे जहाज वळणार नाही."

शीड ज्या आडव्या काठीला बांधतात, ती वाऱ्याप्रमाणे फिरवावी लागते. आम्ही ती डोलकाठीला करकचून बांधली होती. मला राग आला. "बैठकीत ठेवायचं आहे. वळवायचं कुठं?" मी म्हणालो.

ते नुसते हसले. बायकोनं मात्र विचारलं, "मंग कसं बांधू?"

त्यांनी धागा घेतला आणि दाखवायला लागले. जेवायचं बोलावणं दोनदा येऊन गेलं तरी दोघं उठेनात. इतकं कसं ठाऊक, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दोन वर्षं नौदलाच्या प्रशिक्षणाच्या शिडाच्या जहाजावर होतो. वर चढून शीड गुंडाळायचं काम."

ते गेल्यावर बायकोनं कात्री घेतली आणि आडव्या काठ्यांचे सगळे दोर कापून टाकले. मी खाली पडलेले तुकडे वेचत बसलो. पण तिनं ते नव्यानं बांधले, महिन्याभरानं एक धागा ओढला आणि काठी अलगद फिरली. त्या दिवशी मी ती किती वेळा फिरवली, कोण जाणे.

पाहुण्यांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "माय माझ्याजवळच असते. तिला आता दिसत नाही. मी काय काम करत होतो, तिला कधी समजावता आलं नाही. गलबत आणाल का?"

आम्ही गाडी केली. राजूरपर्यंत गलबत बायकोनं मांडीवर धरलं होतं.

म्हातारी खाटेवर बसली होती. मुलानं तिचं बोट धरून तळापासून वर नेलं, डोलकाठीवरून आडव्या काठीपर्यंत.

"इथं उभा राहो, माय."

"इतक्या वर? खाली पाणी?"

"हो."

"बांधलेला राहे का?"

"पट्टा राहे."

तिनं हात काढून घेतला. "अन् मले पत्रात काय लिहे? जेवण चांगलं आहे म्हणून!"

साठीचा तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. सून चहा घेऊन आली, तो तसाच निवत राहिला.

जरा वेळानं म्हातारीनंच हात पुढे केला. "चढताना कोणता दोर धरे, दाखव."

तो एकेक दोर तिच्या बोटांत देत गेला. माझी बायको खाटेच्या कडेला बसून कोणती गाठ कशी मारली, ते सांगत होती. म्हातारीनं तिच्याकडे मान वळवली. "या गाठी तू मारल्या? सुटत तर नाही ना?"

"नाही सुटत, माय."

गलबत आम्ही तिथंच ठेवलं. येताना मी म्हणालो, आता बैठक रिकामी वाटेल. बायको गाडीत झोपली होती.