सूर्य मावळल्यानंतरची गोळी

निपाणीच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद एकदा नीट बघितला आणि आमच्या मालकांना विचारलं, "आप्पा, इथंवर आलात कसे?" हे म्हणाले, मोटारसायकलवरनं, मीच चालवत आलो. डॉक्टरांनी यांना धरून कॉटवर झोपवलं आणि माझ्याकडं वळून सांगितलं की हा हार्ट अटॅक आहे, येऊन गेलेला नव्हे, आत्ता चालू असलेला.

ईसीजी म्हणजे काळजाच्या ठोक्यांची कागदावर उठलेली नक्षी. मला त्यातलं काही कळलं नाही, डॉक्टरांच्या तोंडावरचं तेवढं कळलं.

यांच्या छातीत दुखलंच नव्हतं बघा. सकाळपासून जबडा ठणकत होता आणि घाम येत होता. दाढ दुखत असेल म्हणून मीच लवंग दिली होती धरायला. तुमच्या घरात कुणाचा जबडा दुखून असा घाम सुटला तर लवंग शोधत बसू नका.

निपाणीत रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि आम्हाला ॲम्ब्युलन्सनं पुढं पाठवलं. कोल्हापूर जवळ पडतं, पण लेक बेळगावात. त्रिशला आमची एकुलती एक, कॅम्पातल्या शाळेत शिकवते. तिनं फोनवरच सगळं ठरवून टाकलं होतं. हत्तरगीचा टोलनाका जाईपर्यंत मी यांचा हात सोडला नाही.

बेळगावात अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे मनगटातनं तार घालून काळजाच्या बंद पडलेल्या नळीपर्यंत जायचं, फुगा फुगवून नळी उघडायची आणि ती परत मिटू नये म्हणून आत जाळीचं बारीक नळकांडं बसवायचं. त्या नळकांड्याला स्टेंट म्हणतात. बाहेर बाकड्यावर मी णमोकार मंत्र म्हणत बसले होते. एक नर्स येता जाता कन्नडात विचारायची, अज्जी, जेवलीस का? तिची माया मी विसरणार नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका गोळीवर बोट ठेवलं. ही रक्त पातळ ठेवते, सकाळी एक आणि रात्री एक. नवीन स्टेंटवर रक्त गोठायला बघतं, त्याला ही गोळी अडवते. एक वेळचं जेवण चुकलं तर चालेल, ही चुकवायची नाही.

मग त्रिशलानं माझ्या फोनमध्ये दवाखान्याचं ॲप घातलं. त्यात रोजचं बीपी भरायचं, वजन भरायचं, हे किती चालले ते फोन आपोआप मोजणार. सकाळी नऊ आणि रात्री नऊला गोळीची घंटी वाजणार. गोळी घेतली की एक गोल दाबायचा, तो हिरवा होतो. नाही दाबला तर घंटी परत वाजते, आणि तरी नाही दाबला तर त्रिशलाच्या फोनवर लाल निरोप जातो. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवरही सगळं दिसतं. मी चौथी शिकलेली बाई, पण आठ दिवसांत मला सगळं यायला लागलं. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला सांगू?

हे फोन खिशात घालून शेताच्या वाटेनं फेऱ्या मारायचे. शेजारचा बाळू हसायचा, "काय आप्पा, जन्मभर आक्कांचं ऐकलं न्हाईसा, आता फोनचं लई ऐकतायसा." हे म्हणायचे, "ह्यो उलटं बोलत न्हाय रं."

चातुर्मास लागला. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवण आमच्या घरात कधीच नव्हतं, पाणी तेवढं हे प्यायचे. त्या दिवशी हे बस्तीत गेले. आमच्याकडं मंदिराला बस्ती म्हणतात. मरणाच्या दारातनं परत आणलंस म्हणून देवापुढं हात जोडले आणि मावळल्यावर पाण्याचाही त्याग केला, कायमचा. मी शेजारी उभी होते. मला गोळी आठवली नाही. अभिमान वाटला.

रात्री नऊला घंटी वाजली तेव्हा दोघांनाही आठवली. गोळी पाण्याशिवाय कशी गिळायची, आणि नुसती चघळली तरी नेम मोडलाच की. सकाळची तर घेतोय, असं हे म्हणाले. मलाही ते पटलं, की मी पटवून घेतलं, आता सांगता येत नाही. घंटी परत वाजली.

"दाब ते," हे म्हणाले. "न्हायतर पोरगी घाबरंल."

मी दाबलं. गोल हिरवा झाला.

दुसऱ्या रात्री दाबायला तेवढं जड गेलं नाही. पुढं तर घंटीचा पहिला ठोका पडायचा आणि माझं बोट आपोआप जायचं. गोळ्या उरायला लागल्या, त्या मी कपाटात मागं सारल्या. यांचं चालणं वाढलं होतं, तोंडावर तेज आलं होतं. ते तेज नेमाचं आहे असं मी बायकांत बसून सांगायची.

पर्यूषण पर्वात एका सकाळी हे बस्तीतला अभिषेक बघून आले आणि उंबऱ्यातच बसले. या खेपेला छातीतच दुखलं, आणि असं की यांना बोलता येईना. परत ॲम्ब्युलन्स, परत तोच रस्ता. तेच बाकडं, तीच नर्स. तिनं या वेळी जेवलीस का म्हणून विचारलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, स्टेंट थ्रॉम्बोसिस. म्हणजे त्या जाळीच्या नळकांड्यातच रक्त गोठून बसलं होतं. परत फुगा घालून वाट मोकळी केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा मायलेकींना खोलीत बोलावलं. कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. सगळा हिरवागार. एकही गोळी चुकलेली नाही, म्हणाले, म्हणजे ही गोळी यांना लागू पडत नाही असं दिसतंय. औषध बदलावं लागेल, आणि असंच होत राहिलं तर बायपासचा विचार करावा लागेल. बायपास म्हणजे छाती उघडून पायातली नळी काढून काळजाला जोडायची.

त्रिशला म्हणाली, "आम्ही एक दिवस चुकवलेलं नाही सर. मी रोज बघत होते."

तिच्या आवाजात विश्वास होता हो. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? यांनीही सांगितलं नसतं. पण माझ्या बोटापायी डॉक्टर यांची छाती उघडायला निघाले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते रात्रीचं हिरवं माझं हाय. गोळीचं न्हाय."

आणि मग सगळं सांगितलं, कपाटातल्या गोळ्यांसकट. त्रिशला माझ्याकडं बघत नव्हती, कॉम्प्युटरकडंच बघत होती.

मला वाटलं डॉक्टर रागावतील. त्यांनी विचारलं, यजमान सकाळी पाणी कधी घेतात? मी म्हटलं, सूर्य उगवला की. मावळतो कधी? मी म्हटलं, आता साडेसहाच्या सुमाराला.

"मग सकाळी साडेसहाला एक घ्यायची आणि संध्याकाळी सहाला एक," ते म्हणाले. "नऊ ही वेळ आम्ही मशीनमध्ये घातलेली आहे आजी. गोळीची नाही ती. तुम्ही मला एकदा सांगायचं होतं."

एवढंच. बायपासचं त्यांनी बाजूला ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर त्रिशला म्हणाली, "आई, मी रोज रात्री ते हिरवं बघून झोपत होते." आणि यांच्या कॉटकडं चालायला लागली. मी पिशवी उचलून तिच्या मागनं गेले.

घरी आल्यावर हे बस्तीतल्या उपाध्यांना, म्हणजे पुजाऱ्यांना, भेटले. त्यांनी सांगितलं की आजाऱ्याला औषधापुरती सूट घेता येते, पण ती मागावी लागते. म्हणजे दवाखान्यातही वाट होती आणि बस्तीतही होती. आम्ही दोन्हीकडं विचारलं नाही. एक नेम पाळायला गेलो आणि खरं बोलायचा नेम रोज रात्री मोडत राहिलो. तोही लहानपणापासनं घेतलेलाच की. त्याला घंटी नव्हती, एवढंच.

इकोमध्ये, म्हणजे काळजाच्या सोनोग्राफीत, काळजाची रक्त उपसायची ताकद पहिल्यापेक्षा बरीच कमी झाल्याचं दिसलं. आता हे बस्तीच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबतात. थांबले की मी दुसरीकडं बघते. एकदा यांच्या ते ध्यानात आलं.

"नेम माझा होता," हे म्हणाले. "तू कशाला मनाला लावून घेतीस?"

"बोट माझं होतं."

हे दम खात उभे राहिले. मग म्हणाले, "बरं, दोघांचं."

मला ते पटत नाही. दवाखान्याची पिशवी माझ्याकडं होती, फोन माझ्याकडं होता.

ज्यांच्या घरात असा आजार आलाय त्यांना सांगते. तुमचा उपवास असेल, नेम असेल, रोजा असेल, ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. गोळीची वेळ आपल्या मनानं बदलू नका, त्यांना विचारून बदला. आणि फोनला बरं वाटावं म्हणून काही दाबू नका. त्याला काही वाटत नाही. त्यापलीकडं बसलेल्या माणसाला वाटतं.

डॉक्टरांनी घंटी साडेसहा आणि सहाला लावून दिली. मी खरं हिरवं दाबायला लागले. तरी रोज संध्याकाळी त्रिशलाचा फोन यायचा. खरंच घेतली का, एवढं विचारायची आणि म्हणायची, आप्पांना दे. त्यांच्या तोंडून ऐकायची. मी मुकाट फोन द्यायची. ती चुकत होती असं कोण म्हणेल?

दिवाळीनंतर आम्ही सदलग्याला माझ्या बहिणीला बघायला गेलो होतो. येताना वडापच्या, म्हणजे शिटा भरून जाणाऱ्या, जीपमध्ये बसलो आणि वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला. तिथंच सहा वाजले. घंटी वाजली. पिशवी उपसली तर गोळ्या घरीच राहिल्या होत्या. घरी गेल्यावर हे घेणारच होते, आता सूट मागून घेतली होती. दाबलं असतं तर तासा-दोन तासांचंच खोटं झालं असतं. बोट गोलाकडं गेलंही. मग मी शेजारचं दाबलं, 'घेतली नाही.' सगळं लाल झालं.

मिनिटभरात त्रिशलाचा फोन. जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "पिशवीत चार गोळ्या टाकून ठेवायला काय होतंय गं तुला?" मी व्हय व्हय म्हणत राहिले. घरी पोचल्याबरोबर यांनी घोटभर पाण्यासंगं गोळी घेतली आणि मी तिला तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सहाला यांनी गोळी घेतली, मी हिरवं दाबलं आणि फोन पुढ्यात ठेवून बसले. दिवा लावला, यांचं बीपी बघून भरलं, परत येऊन बसले.

"आज पोरीचा फोन न्हाय आला व्हय?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, न्हाय आला. हिरवं बघितलं असंल तिनं.