डाव्या हाताची गाठ

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार, सकाळ. हजर: मी आणि अण्णा. गैरहजर: माझी बॅग. ती दुसऱ्याच कुठल्यातरी विमानतळावर उतरली होती, म्हणून परदेशातल्या त्या परिषदेचे तिन्ही दिवस मी एकाच साडीवर आणि अण्णांच्या जादा स्वेटरवर काढले.

अण्णा म्हणजे आमच्या बेळगावच्या कॉलेजातले ज्येष्ठ प्राध्यापक, मूळचे निपाणीचे. परिषद संपली होती, विमान संध्याकाळी होतं. मधल्या वेळात गावातलं विणकरांचं जुनं घर बघायचं मी ठरवलं होतं. आता तिथं संग्रहालय आहे.

हिवाळ्यासाठी आदल्या रात्रीच तिकडची घड्याळं तासभर मागं घेतली होती. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघून मला घाई केली. संग्रहालयाच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कालव्यावर धुकं होतं. फोन बघून मी सांगितलं, आपण तासभर आधी आलोय.

"माझं घड्याळ चुकत न्हाय," अण्णा म्हणाले. "देश चुकला असंल."

तेवढ्यात आतून हातमागाचा आवाज आला. बेळगावच्या वडगावात माझा जन्म विणकराच्या घरी झाला, तो आवाज मी झोपेतही ओळखते. दार ढकललं, उघडलं. अण्णा बाहेरच कठड्यावर बसले.

आत कुणी नव्हतं. आवाज थांबला होता. मागावर अर्धवट विणलेलं जाडं, मातकट कापड होतं आणि ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटून लोंबत होता. माझा हात आपोआप गेला. बोट ओलं केलं, गाठ मारली. मी डावखुरी आहे, माझी गाठ उलटी बसते. आई त्यावरून अजून चिडवते.

आमच्या घरचा एक नेम आहे. तुटलेला धागा कुणीही सांधावा, पण सांधणाऱ्यानं मागावर बसून निदान चार वेळा धोटा टाकायचा, आडवा धागा विणून घ्यायचा. गाठ मारून उठून जायचं नाही. मी बसणार, तोच मागं किल्ल्यांचा आवाज झाला आणि मी बाजूला झाले.

दारात संग्रहालय उघडायला आलेल्या बाई उभ्या होत्या. दाराला तर कुलूप होतं, मी आत कशी आले, हे त्यांना समजेना. मी मागाचा आवाज ऐकल्याचं सांगितलं. त्यांनी वाकून मला मागाच्या पायानं दाबायच्या पावड्या दाखवल्या. पावड्यांच्या दोऱ्या कुजून गळून पडल्या होत्या, माग चालणं शक्यच नव्हतं.

बाहेर आल्यावर अण्णांना विचारलं, "तुम्ही ऐकलात ना आवाज?"

"ऐकला की. म्हणून तर आत आलो न्हाय."

विमानतळावरून आईला फोन केला. वडगावात आता सगळीकडं पॉवरलूम, हातमाग तिचा एकच उरलाय. त्यावर माझ्या मुलीच्या लग्नाची साडी आहे. आईची नजर झपाट्यानं अधू होतेय, म्हणून साडी संपेपर्यंत मध्ये दुसरं काही करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"दुपारी ताणा तुटला," आई म्हणाली. "जेवून आले तर सांधलेला. दाराला आतनं कडी."

"तूच सांधला असशील. विसरलीस."

"माझी गाठ अशी उलटी बसत न्हाय. हाताला कळतंय मला. गाठ मारून उठून गेलीस व्हय गं?"

मी तिला संग्रहालयातलं काहीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून तिनं मागाला हात लावलेला नाही. "जिनं सांधलं ती बसंल," एवढंच म्हणते. तिच्या नेमापुढं माझं काही चालत नाही. शेजारच्या आक्कांना विचारून झालं, त्या दुपारी कुणी आलं नव्हतं. परतल्यावर चष्मा लावून गाठ बघितली. रेशमाचा धागा जांभळा, गाठ उलटी, आणि गाठीत एक जाडा, मातकट तंतू अडकलेला. आमच्या घरात तसलं सूत कधी आलेलं नाही.

लग्न मार्गशीर्षात आहे. हॉल, आचारी, पत्रिका झाल्या. बॅगही परत आली. पदर तेवढा राहिलाय. दोनदा वडगावला गेले, मागावर बसले, धोटा हातात घेतला. दोन्ही वेळा वाटलं, मी इथं टाकला की तिकडच्या, संग्रहालयातल्या मागावरही पडेल. दोन्ही वेळा उठले.

आईचा रोज सकाळी फोन येतो. "बसलीस?"

चार धोटे टाकायचे आहेत.