रिकामा अर्धा तास

मला रिपोर्ट लिहायची खोड आहे. वीस वर्षं जहाजांवर इंजिनियर म्हणून काढली, शेवटची काही चीफ इंजिनियर म्हणून, आणि आता सिंगापूर बंदरात येणाऱ्या जहाजांची तपासणी करतो. लाँचमधून जायचं, शिडी चढायची, इंजिनरूममध्ये उतरायचं आणि काय बिघडलं, का बिघडलं, कुठला भाग बदलायचा ते लिहून द्यायचं, यावर माझं घर चालतं. घरी मिक्सर बंद पडला तरी मी कागद-पेन घेऊन बसतो. बायको म्हणते, "अहो, आधी प्लग लावलाय का ते बघा."

त्यामुळे मुलीच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं काय बिघडलंय ते लिहून द्यायला कोण तयार आहे, असं विचारल्यावर माझा हात वर गेला, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

इथे दहावीनंतर दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज असतं. आमच्या बेडोकच्या फ्लॅटपासून बसने पंधरा मिनिटांवर असलेल्या त्या कॉलेजच्या मुलींच्या टीमचा एके काळी दरारा होता. ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात ढाली आणि चषक दाटीवाटीने उभे आहेत. शेवटच्या चषकावरचं वर्ष वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्या वर्षी माझी मुलगी बालवाडीत होती.

मी पाहिलेली पहिली मॅच आम्ही सात-शून्य अशी हरलो. गोलमध्ये माझी मुलगी होती. ती पहिल्या वर्षाची, खरं तर राखीव गोलकीपर. पण दुसऱ्या वर्षाच्या गोलकीपरला तिच्या आईवडिलांनी दहा दिवसांपूर्वी टीममधून काढून फिजिक्सच्या ट्यूशनला घातलं होतं. सात वेळा वाकून माझ्या मुलीने जाळ्यातून बॉल काढला. सातव्यांदा तिने वर बघितलंच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकावर पांढरी टोपी घालून साठी उलटलेला एक मलय माणूस शांत बसला होता. तो कोच. त्याच्या त्या शांतपणाचाच मला पहिला राग आला.

पुढच्या आठवड्यात पालकांची मीटिंग झाली. खेळांचं काम बघणाऱ्या शिक्षिका दमलेल्या दिसत होत्या. टीमला पुन्हा वर कसं आणायचं, यावर बाहेरच्या कुणीतरी नीट बघून लिहून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की कोचचं कॉन्ट्रॅक्ट वर्षअखेरीला संपतंय आणि पुढे द्यायचं की नाही ते या रिपोर्टवर ठरेल. म्हणजे एका माणसाचं काम माझ्या कागदावर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, यू राइट व्हॉटेव्हर. बट डोंट टच कोच."

"का? एवढं काय आहे त्याच्यात?"

"यू वोंट गेट इट, लाह."

ती रागावली की मराठी सोडते आणि इथल्यासारखं 'लाह' लावून बोलते. मी म्हणालो, "मी फक्त बघणार आणि बघितलं ते लिहिणार."

सहा प्रॅक्टिस मी बघितल्या. सोमवार-बुधवार दुपारी कामावरून लवकर निघायचो आणि मैदानाच्या कडेला पायऱ्यांवर वही घेऊन बसायचो. धावणं किती मिनिटं, पासिंग किती, पाणी प्यायला किती, सगळं घड्याळ लावून लिहिलं. आणि प्रत्येक प्रॅक्टिसच्या शेवटी एकच नोंद यायची: अर्धा तास, काम नाही. त्या अर्ध्या तासात कोच शिट्टी खिशात टाकून बाकावर जाऊन बसायचा. मुली जोड्या करून मैदानभर पांगायच्या, दुसऱ्या वर्षाची एक आणि पहिल्या वर्षाची एक. कुणी उभी राहून हातवारे करतेय, कुणी गवतावर बसून गप्पा मारतेय. मला तरी त्या गप्पाच दिसल्या.

एकदा विजेचा भोंगा वाजला. इथे ढगांत वीज दिसायच्या आधीच मैदानांवर भोंगे वाजतात, आणि मग कुणालाही उघड्यावर थांबता येत नाही. सगळ्या मुली छपराखाली पळाल्या. मी आणि कोच एका खांबाशी शेजारी शेजारी उभे राहिलो. मी विचारलं, "शेवटचा अर्धा तास तुम्ही काहीच का शिकवत नाही?"

तो म्हणाला, "सर, इथे पोरगी माझ्याकडे चौदा महिने असते. मग परीक्षा, मग गेली. चौदा महिन्यांत मी टीम कशी बनवणार? मी सीनियरला शिकवतो. ज्युनियरला सीनियर शिकवते. जिंकायचो तेव्हाही असंच होतं."

"मग आता का जिंकत नाही?"

"आता सीनियर राहतात कुठे? अर्ध्या सीझनमध्ये आईवडील काढून नेतात. यंदा चारच उरल्या. सर, मला नवीन काही नको. तुम्ही पालकांना एवढंच सांगा, सीझन संपेपर्यंत मुलींना राहू द्या. बुधवारचा अर्धा तास राहू द्या."

मी मान डोलावली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. बुधवारी साडेपाचला माझ्या मुलीची केमिस्ट्रीची ट्यूशन होती. मीच लावली होती. प्रॅक्टिस संपायच्या अर्धा तास आधी ती बॅग उचलून बस पकडायची. तिला शिकवायला त्या दुसऱ्या वर्षाच्या गोलकीपरने फिजिक्स बुडवून तीन बुधवार चोरून चक्कर मारली होती, हे मला नंतर कळलं. त्या तीनपैकी दोन बुधवारी माझी मुलगी ट्यूशनला होती.

रिपोर्ट अकरा पानांचा झाला. जहाजाचा करतो तसाच केला: बिघाड, कारण, उपाय. पालक मुलींना काढून नेतात, हे लिहिलं असतं तर मीटिंगमधल्या निम्म्या लोकांनी तोंड फिरवलं असतं आणि पहिलं नाव माझंच आलं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ लिहिलं, आपल्यातलं मुसळ गाळलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: प्रशिक्षणाची पद्धत कालबाह्य, देखरेखीशिवाय वाया जाणारा वेळ. उपायाच्या रकान्यात लिहिलं: कोच बदलावा, त्या अर्ध्या तासात फिटनेस घ्यावा.

बायकोने शेवटचं पान वाचलं. ती म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोरीने एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे." मी म्हणालो, भावनेवर टीम चालत नाही.

मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

वर्षअखेरीला कोचचा शेवटचा दिवस होता म्हणून मी गेलो. न जाणं भित्रेपणाचं दिसलं असतं. तो बॉल मोजून जाळीच्या पिशवीत भरत होता. बेटाच्या उत्तरेकडच्या यिशुनहून दोन बस बदलून तो इतकी वर्षं येत होता, हे त्या दिवशी कुणीतरी बोलताना माझ्या कानावर पडलं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "तुमचा रिपोर्ट वाचला, सर. फार नीट लिहिलाय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उलट सोपं गेलं असतं.

मुलगी त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. जेवायला ये: 'कमिंग.' पैसे हवेत का: 'नो.'

नवीन वर्षी कोचच्या जागी फिटनेस शिकवणाऱ्या एका कंपनीची माणसं आली. मुलींच्या अंगात धावणं मोजणारी काळी जॅकिटं चढली, कोण किती धावलं ते पडद्यावर दिसायला लागलं. आकडे खरोखर वाढले, मी स्वतः बघितले. शेवटच्या अर्ध्या तासात आता सगळ्या रांगेत धावायच्या. दुसऱ्या वर्षाच्या मुली एकेक करून गळायला लागल्या. आधी निदान आपली ज्युनियर वाट बघत असेल म्हणून तरी त्या यायच्या. धावण्यासाठी कोण येणार? पालकांना तर निमित्तच हवं होतं. मी या वेळी मुलीची ट्यूशन रविवारवर ढकलली. तिने आभार मानले नाहीत.

सीझनची पहिली मॅच नऊ-शून्य. कॉर्नर आला की पहिल्या वर्षाच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. जवळच्या खांबापाशी कुणी उभं राहायचं तेच त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ते सांगणारी त्यांना कुणी भेटलीच नव्हती. माझी मुलगी गोलमधून घसा फोडून ओरडत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि तो बंब मी स्वतः नेऊन ठेवला होता. चार मॅच झाल्या, चारही हरलो. शेवटच्या मॅचला अकराजणीसुद्धा भरल्या नाहीत. नऊजणी खेळल्या.

त्यानंतर मी कोचला फोन केला. तो बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, भेटायला आला. दोन कॉफ्या घेऊन बसलो. मी म्हणालो, "माझं चुकलं. मी कॉलेजला तसं लिहून देतो. तुम्ही परत या."

त्याने कॉफी ढवळली. "सर, मी येऊन काय करू? मी सीनियरला शिकवायचो म्हणालो, पण तिलाही अर्धं तिच्या सीनियरनेच दिलेलं असायचं. तिला तिच्या आधीचीने. मला सगळं कुठे येतं? एक वर्ष मधे कुणी कुणाला काही दिलं नाही. आता ज्यांच्याकडे होतं त्या गेल्या."

"पुन्हा सुरू नाही करता येणार?"

"येईल की. सात-आठ वर्षं लागतील. मी सदुसष्ट वर्षांचा आहे." त्याने कॉफी संपवली, माझा कपही उचलून ट्रेवर ठेवला आणि ट्रे परत द्यायला गेला.

जून संपताना कॉलेजचं पत्र आलं. पुरेशा मुली नसल्यामुळे पुढच्या वर्षीपासून मुलींचा फुटबॉल बंद. त्यात माझ्या रिपोर्टचा उल्लेख होता, आभारासकट.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणे आले की मी ती सांगतोच, मुलीला तर पाठ आहे. एकदा मी एका जहाजावर चढलो तेव्हा आधीचा चीफ इंजिनियर विमान पकडायला निघून गेला होता. जाणारा चीफ येणाऱ्याला हँडओव्हर देतो, हा आमच्या धंद्याचा नियम. कुठला पंप कुरकुरतो, कुठल्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, जे कुठल्याच पुस्तकात नसतं ते सगळं तो लिहून देतो आणि फिरवून दाखवतो. मग खाली दोन सह्या: देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. मला काहीच मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी एक व्हॉल्व्ह मी नेहमीच्या बाजूला फिरवून बंद केला. तो उलटा फिरणारा होता. इंजिनरूममध्ये गुडघाभर समुद्र आला. गोष्टीच्या शेवटी मी नेहमी बोट उगारून सांगतो, "हँडओव्हर घेतल्याशिवाय जहाज ताब्यात घ्यायचं नाही, आणि प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही."

इतकी वर्षं हे सांगत आलो आणि त्या मैदानावर सहा दिवस, माझ्या डोळ्यांसमोर चाललेला हँडओव्हर मी 'काम नाही' म्हणून लिहून घेतला.

पत्र आल्यानंतरच्या शनिवारी मुलीने माझ्या टेबलावर दोन पानं आणून ठेवली. इंग्रजीत, माझ्याच हँडओव्हर नोट्सच्या नमुन्यात, आकडे घालून. पुढच्या गोलकीपरसाठी. कँटीनकडच्या गोलसमोर डावीकडे खळगा आहे, तिथे टप्पा पडला की बॉल अचानक उडतो, छाती मागे ठेव. पाच वाजता त्या बाजूला ऊन डोळ्यांत येतं, पहिला हाफ तिकडे घेऊ नकोस. हाक नावाने मार, नुसतं 'यू' म्हटलं तर तिघी वळतात. गोल खाल्ल्यावर बॉल तूच काढ, दुसरीला काढू देऊ नकोस. शेवटचा मुद्दा होता: बुधवारी ट्यूशन लावू देऊ नकोस, घरी आधीच सांग.

खाली दोन रेघा होत्या. देणारीच्या रेघेवर तिची सही होती.

"साइन करा, बाबा," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी मराठीत बोलली होती. "दुसरं कुणी नाहीये."

मी पेन उचललं. ती म्हणाली, "बघितल्याशिवाय सही करायची नसते ना?"

दुपारी मी एकटा कॉलेजवर गेलो. फाटकावरच्या गार्डला सांगितलं, मुलीचं काहीतरी मैदानावर राहिलंय. गोलचे खांब काढून कुंपणाला टेकवून ठेवले होते, त्यामुळे जागा लगेच सापडेना. कँटीनकडे तोंड करून अंदाजाने चालत गेलो आणि बुटाने गवत चाचपत राहिलो. डावीकडे, तिने लिहिलं होतं तिथेच, पाय खाली गेला. वीतभर खोल, गवताने झाकलेला खळगा. या मैदानाच्या कडेला वही घेऊन मी सहा दिवस बसलो होतो, आणि अकरा पानांत कुठेच तो नव्हता. पाच वाजेपर्यंत मी तिथेच थांबलो. ऊन खरंच डोळ्यांत आलं. मग खाली बसलो, कागद गुडघ्यावर ठेवला आणि घेणाऱ्याच्या रेघेवर सही केली.