झाडं कोणी मोजली?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार सोबती सरांचे आहेत. हे त्यांच्यासमोर बोललो, तर ते "उपकार मोजलेस कसे?" असं विचारतील. कौतुक करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे.

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. पुस्तकातला ‘सहायक चल’ काही केल्या डोक्यात शिरेना. सर मला पालीजवळच्या काजूच्या बागेत घेऊन गेले. "सगळ्या बिया मोजशील काय, गाढवा? दहा झाडांच्या मोज. मग बागेतली सगळी झाडं मोज. झाडं मोजायला सोपी, ती बियांची सोबत." एका झाडामागे किती बिया, गुणिले झाडं. मला कळलं! त्या दिवसापासून ते सोबती सर. वर ताकीदही मिळाली, "सोबत वाट माहीत असलेली हवी. नाहीतर एकटा जा."

वर्तमानपत्रातला पिकाचा अंदाज कोणी वाचून दाखवला, की सर ते पान उलटं धरायचे. "असं वाचलं तरी तेवढंच कळतं."

त्यांच्याच शिफारशीने मला पाच गावांच्या काजू सर्वेक्षणात नोकरी लागली. आमच्या साहेबांची जीप डांबर संपलं की थांबायची. नमुन्यातल्या बागा मी चालत जाऊन मोजल्या. गावांतली एकूण झाडं मात्र साहेबांनी सातबाऱ्यावरून उचलली. आकडा मोठा गोंडस आला. खाली सही माझी. अहवाल मिरवत मी सरांच्या घरी गेलो.

सरांनी शेवटचं पान आधी उघडलं. "झाडं कोणी मोजली?"

"सातबाऱ्यावर होती, सर."

"गेल्या वर्षीच्या वादळात आडवी झालेली कोणी वजा केली?"

मी अहवालाची पानं उलटू लागलो.

"म्हणजे मेल्या, मेलेल्या झाडांचे काजू मोजलेस!" त्यांनी अहवाल माझ्या हातात परत कोंबला. "आता चहा नाही. झाडं मोजून झाली की ये. नाहीतर येऊ नको."

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "झाडं काय उठून तक्रार करणार आहेत?" मी रजा टाकली आणि पाचही गावं पायी फिरलो. मग सरांना पत्र लिहिलं :

ती. सर,
सा. न. वि. वि.
झाडं मोजली. सातबाऱ्यावरच्या दर तीन झाडांतलं एक जागेवर नाही. साहेब नवा आकडा घेत नाहीत, म्हणून अहवालावरची माझी सही मी खोडली आहे. नोकरीचं काय ते सोमवारी कळेल.
चहाला येऊ का?