वळणावरची बाज

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वेग पकडणारा पहिला कॅमेरा नव्वदच्या दशकातच बसला होता, आणि तो बाजेवर बसला होता. त्याला वीज लागत नसे, फिल्म लागत नसे. सकाळ-संध्याकाळ चहा लागे, तोही बशीतूनच. हा कॅमेरा नात्याने माझे मामेसासरे. एसटीत ड्रायव्हर म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. अंथुर्ण्याच्या अलीकडे रस्ता उसातून एकदम डावीकडे वळतो, तिथे त्यांचे घर होते आणि घरापुढच्या लिंबाखाली त्यांची बाज. गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही तात्याच म्हणत असे.

हल्ली खांबांवर खरेखुरे कॅमेरे बसले आहेत आणि त्यांच्यावर वाद चालतो. एक बाजू म्हणते, नियम पाळणाऱ्याला कसली भीती? दुसरी म्हणते, रस्त्यावरून जाणारा माणूस किती पाहावा यालाही काही हद्द हवी. वर्तमानपत्राच्या कचेरीत या वादावरचे मजकूर मी बऱ्याचदा तपासले. पण त्याच्या दोन्ही बाजू मी पहिल्यांदा ऐकल्या त्या या लिंबाखाली.

तात्यांच्या मोजमापात आकड्याला जागा नव्हती. मोटारसायकल आली की ते चालवणाऱ्याचा सदरा पाहत. सदरा अंगाबरोबर असला तर माणूस सभ्य. पाठीवर त्याचा फुगा झालेला असला तर घरी कळवण्याच्या लायकीचा. उसाच्या ट्रॅक्टरचा निवाडा बशीतला चहा करी. दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर बेताने गेला तर चहावर नुसती सुरकुती उठे. जोरात गेला तर चहा बशीची कड ओलांडून तात्यांच्या लेंग्यावर येई, आणि मग तात्या उभे राहत. उभे राहून ते ओरडत नसत, हातही करत नसत, फक्त पाहत. शेजारच्या वाडीचा एक ट्रॅक्टरवाला मला एकदा म्हणाला होता, "पावनं, पोलीस परवडला. त्यो हात तरी करतो. ह्यो म्हातारा नुसता बघतो, आन मी घरला पोचायच्या आदी आय भाकरीचं टोपलं उचलून ठेवती."

कारण तात्या पोलिसांकडे जात नसत, घरी जात. "पोलिसाला सांगितलं तर पावती फाटंल, झालं. आयला सांगितलं की जल्माची अद्दल," असे त्यांचे दंडविधान होते. रस्त्यावर उभ्या आयुष्यात इतक्या गावांची माणसे त्यांच्या गाडीत बसली होती, की कोणते पोर कोणाचे हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. संध्याकाळी ते सायकल काढत, चालवणाऱ्याच्या दारात जाऊन पायरीवर बसत, तांब्याभर पाणी पीत आणि म्हणत, "तुमच्या पोराचा सदरा फुगला हुता." उपदेश नाही, त्रागा नाही. एवढे सांगून उठत. पुढचे काम त्या घराने करायचे असे.

या व्यवस्थेत जावयालाही सूट नव्हती. एकदा इंदापुरात काही गडबड झाल्याचे कळले आणि मी स्कूटरवरून निघालो. वळणावर लिंबाखाली कोणी बसले आहे, इतके ओझरते दिसले. संध्याकाळी बारामतीत घरी परतलो तर बायको दारात उभी.

"मामांचा निरोप आलाय. दुधाच्या टेम्पोवाल्याकडून."

"काय म्हणतात?"

"सदरा फुगला होता म्हणे."

"अगं, बातमी गाठायची होती."

"गाठलीत ना? त्या घाईत तुमचीच बातमी झाली असती. आणि ती लिहायला दुसरा कोणी गेला असता."

इंदापूरची बातमी कचेरीत पोहोचण्याआधी माझी बातमी घरी पोहोचली होती. वेगाच्या या शर्यतीत तात्यांना मात्र कोणी अडवत नसे.

हा उद्योग त्यांनी का आरंभला, हे मी एकदा विचारले. मला वाटले होते, एखाद्या अपघाताची कहाणी निघेल. तसे काही निघाले नाही. ते म्हणाले, "निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिशी हितंच चहा पीत हुतो. माझीच गाडी आली, माझ्याच येळंला. ड्रायव्हर नवा. पर म्या चालवायचो तशीच चालवत हुता, तेवढ्याच बेतानं. आन काय सांगू जावईबापू, वाऱ्यावानी गेली की वो! मला घाम फुटला. म्हनलं, जल्मभर ह्या दारावरनं म्या असाच गेलो व्हय? घरची मान्सं हितं रस्त्याला उभी असायची." बशी खाली ठेवून त्यांनी पुस्ती जोडली, "आतनं कळत न्हाय. कुनीतरी भायेरनं सांगाय पायजे."

यावर गावात दोन तट होते. वळणावर कोणी पडल्याचे बरेच दिवसांत ऐकले नाही, असे एक तट सांगे. दुसऱ्याचे म्हणणे, घरातून कुत्रे बाहेर पडले तरी तात्यांना ठाऊक होते. ग्रामसभेत कोणी सुचवले की वळणावर गतिरोधक करावा, म्हणजे तात्यांनाही आराम. तात्या उठून म्हणाले, "गतिरोधक आंधळा असतुय. अडलेल्या बाईची जीप आन टवाळाची गाडी त्याला सारखीच." चहाच्या हॉटेलवाल्याने मागून उत्तर दिले, "आंधळा हाय म्हनूनच बरा हाय, तात्या. त्यो कुनाच्या घरी जात न्हाय." सभा हसली. तात्याही हसले. गतिरोधक झाला नाही.

गावात बुद्धविहारामागे आबांचे घर होते. आबा साखर कारखान्यात नोकरीला. त्यांची मुलगी सुजाता बारामतीत रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागली होती. रोज एसटीने जायची, यायची. घरातून अशी नोकरीला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. एका संध्याकाळी परतीची गाडी आली नाही, तेव्हा लॅबमधल्या एका सहकाऱ्याने तिला मोटारसायकलवरून गावापर्यंत आणून सोडले. वळणावर तात्यांनी ते पाहिले. चालवणारा बारामतीचा, अनोळखी. त्याचे घर ठाऊक नाही. तात्यांच्या रिवाजाला पहिल्यांदाच पत्ता सापडेना. म्हणून ते मागे बसलेलीच्या घरी गेले. पायरीवर बसून म्हणाले, "पोरगी मोटारसायकलवर मागं हुती. वढनी पार आडवी उडत हुती." आणि उठले.

तात्यांच्या लेखी ओढणी हे सदऱ्यासारखेच एक मोजमाप होते. ती चाकात गेली म्हणजे काय होते, हे त्यांनी नोकरीत रस्त्यावर पाहिले होते. आबांनी मात्र त्या वाक्यात वेग सोडून बाकी सगळे ऐकले. गाडी कोणाची, मुलगा कोणाचा, आणखी किती जणांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी सुजाता थांब्यावर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लॅबमध्ये जागा फार दिवस मोकळी ठेवणार नव्हते. आबांनी तिचे जाणे बंद केल्याचे तात्यांना कळले, ते कंडक्टरला विचारल्यावर. त्या दिवशी मी तिथे होतो, म्हणून संध्याकाळी त्यांच्याबरोबर आबांच्या पायरीपर्यंत गेलो.

आबांनी पाणी दिले. मग शांतपणे म्हणाले, "तात्या, एका गावात आपलं आयुष्य गेलं. तुमी आमच्या दारात पयल्यांदा आला, ते हे सांगाया."

"म्या वेग सांगितला, आबा."

"वेग सांगायचा हुता तर चालवनाऱ्याच्या घरी जायाचं."

"त्याचं घर ठावं नव्हतं."

"आन आमचं ठावं हुतं. म्हनून आमच्याकडं आला व्हय?"

तात्यांनी तांब्यातले पाणी संपवले आणि ते उठले.

सकाळी त्यांनी बाज फिरवली. तोंड उसाकडे, पाठ रस्त्याला. याचा परिणाम चमत्कारिक झाला. ट्रॅक्टरवाले, जीपवाले वळणावर गाडी हळू करून ओरडू लागले, "तात्या, बरं न्हाय का?" तात्या पाहत होते तेव्हा गाड्या जितक्या हळू गेल्या नसतील, तितक्या ते पाहत नाहीत म्हणून हळू गेल्या. पण तात्यांना त्याचे कौतुक नव्हते. रोज संध्याकाळी ते आबांच्या पायरीवर जाऊन बसत. कोणाची वार्ता नसे. आबा पाणी देत, पुढे चहाही देऊ लागले. तात्यांच्या भावकीत कुजबुज सुरू झाली की म्हातारा रोज तिकडे जातो कशाला. ती आबांच्याही कानावर गेली.

"तात्या, आता लोक तुमच्यावर नजर ठिवून हायती," आबा म्हणाले. "बोलाय लागल्यात."

"बोलू द्या."

"तुमाला म्हनता येतं बोलू द्या. पोरीला कसं म्हनता येईल?"

सुजाता आतून चहा घेऊन येत होती. उंबऱ्यातच थांबून ती म्हणाली, "मला बी म्हनता येतं, आबा. बोलू द्या." मग बशी तात्यांच्या हातात देत म्हणाली, "तात्या, बाज फिरवा. उद्या मी सकाळच्या गाडीनं जानार हाय. बघा, आन हितं येऊन सांगा, पोरगी कामावर गेली. आजवर वंगाळ तेवढंच सांगत आला, हे बी सांगा. आन माझं काय खटकलं तर आदी मला सांगा. मी हाय की ऐकाया."

सकाळी तिला थांब्यापर्यंत सोडायला आबाच आले. संध्याकाळी तात्यांनी पायरीवर बसून वार्ता दिली, "पोरगी कामावर गेली," आणि उठले. पुढे किती तरी दिवस ते ही वार्ता देत राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "तात्या, आता आमाला ठावं हाय. नुसतं चहाला येत जावा."

त्यानंतर तात्यांचा रिवाज बदलला. ज्याला पाहिले त्यालाच आधी सांगायचे. आईकडे नंतर, तेही तो ऐकेना तर. दरारा काहीसा उतरला हे खरे. सुजाता रोज वळणावर खिडकीतून हात करी. तात्यांनी त्या हाताला कधी हात केला नाही. ते चाकांकडे पाहत असत. उलट नव्या रिवाजाप्रमाणे एकदा थांब्यावर जाऊन तिलाच म्हणाले, "हात भायेर काढायचा न्हाय. गाडीत लिवलेलं असतंय." ती हसली, आणि हात करीतच राहिली.

आता रस्ता रुंद झाला आहे, लिंब गेला आहे. जवळच एक खांब आहे आणि त्याला आपले काम चोख येते. पण मला आठवते ती तात्यांची शेवटची भेट. सुजाता लग्न होऊन पुण्याला गेल्याला बराच काळ झाला होता. तात्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, तरी बाज रस्त्याकडेच तोंड करून होती आणि बशी मांडीशी होती. एसटी आली. तात्यांनी बोट चहाला टेकवून ठेवले.

"बेतानं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हात हुता का?"

मी पाहिले. मागच्या एका खिडकीतून एक हात बाहेर आलेला होता. कोणाचा, ते दिसले नाही.

"एक हात होता," मी म्हणालो.

"हात भायेर काढू नये," तात्या पुटपुटले. गाडी वळून उसाआड गेली, तिचा आवाजही विरला. मग त्यांनी चहातले बोट लेंग्याला पुसले आणि रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून आपला हात वर केला.