कॅप्टन दिगंत म्हातारे होतात

म्हातारपण ही फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना होणारी गोष्ट आहे असं मानणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण त्या एका समजुतीपायी गावाचं अख्खं नाटक वेठीला धरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा काका आहे. ती त्यांना काकाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. अर्जुनी मोरगावच्या अलीकडे एका लहानशा गावात त्यांची धानाची शेती आहे. वय सत्तरीच्या घरात असावं. ‘असावं’ अशासाठी, की विचारलं तर ते "तुमाले काय वाटते?" असं उलट विचारतात आणि आपण भिडेखातर जो आकडा सांगू त्यातूनही थोडी वर्षं कापून घेतात.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक पाहिजेच. काकाजी ऐन उमेदीत होते तेव्हा गावच्या नाट्यमंडळाने कॅप्टन दिगंत नावाच्या गुप्तहेराची नाटकं ओळीने काही वर्षं केली. दिगंत अर्थातच काकाजी. शत्रूच्या कोठीची भिंत ते एका उडीत पार करायचे आणि लोक शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घ्यायचे. पुढे ती नाटकं बंद पडली, पण काकाजींनी नोकरी सोडली नाही. चहाच्या टपरीत ते आजही भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसतात. ती जागा कोणी घेतली असेल तर उभ्यानेच चहा पितात. कुठे निघालात, याचं खरं उत्तर त्यांनी कुणालाही दिलेलं नाही. एकदा गाय अडली म्हणून काकींनी चहूकडे माणसं धाडली. कुणाला ते साकोलीला जातो म्हणाले होते, कुणाला शेतावर. प्रत्यक्षात ते गोंदियाच्या एका सलूनमध्ये डोक्याला काळा रंग फासून बसले होते. गावच्या न्हाव्याकडे केस रंगवले तर बातमी फुटते, हा त्यामागचा हिशेब. परतीच्या एसटीत घामाबरोबर कानामागून उतरणारा काळा ओघळ सगळी बस पाहायची, ही गोष्ट वेगळी.

चष्म्याला त्यांनी घरात येऊ दिलं नाही. पेपर ते दुसऱ्याकडून वाचून घेतात आणि मधूनमधून त्याचे उच्चार सुधारतात, म्हणजे वाटावं की परीक्षाच चालली आहे. त्यांची मुलगी कामठ्याला दिली आहे. तिथे गेले की बिरसीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमानं गॉगल लावून न्याहाळत अंगणात उभे राहतात. एकदा मी सोबत होतो. बराच वेळ वर पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगा घाबरून रायला. पाहा, वळन मोठं घेतलं." मी वर पाहिलं. ती घार होती.

तर गेल्या खेपेला मंडळाच्या अध्यक्षांनी ठरवलं, की मंडईला पुन्हा कॅप्टन दिगंत आणायचा. मी शाळेत मराठी शिकवतो आणि हौसेने नाटकं लिहितो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं ते काकाजींना डोळ्यांसमोर ठेवून. दिगंत आता म्हातारा झाला आहे, गुडघे कुरकुरतात, धानाच्या बांधावर बसून राहतो. आणि सरकार त्याला शेवटच्या एका कामगिरीसाठी परत बोलावतं. मोठ्या आनंदाने मी त्यांना ते वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली, नाटक झकास जमलंय म्हणाले. मग विचारलं, "पन हा म्हातारा कोन करनार?"

त्यांनी स्वतःसाठी दिगंतच्या हाताखालच्या तरण्या अधिकाऱ्याचं काम हेरून ठेवलं होतं. त्या अधिकाऱ्याला भिंतीवरून उडी होती, आणि नायिकेबरोबर एक गाणंही होतं. नायिका त्यांच्या नातीपेक्षा थोडीशीच मोठी, हे मी दबकत सांगितलं. त्यावर वयाचा प्रश्न तिला असेल तर मेकअपने तिला थोडी मोठी करता येईल, असा तोडगा त्यांनी सुचवला.

अध्यक्ष वैतागले. त्यांनी गोंदियाहून चाळिशीतला एक नट आणला आणि त्याच्या डोक्यावर पावडर ओतून तालमी सुरू केल्या. काकाजींनी तालमीला येऊन चुकूनही बोलायचं नाही असं ठरवलं असावं, कारण पहिले काही दिवस ते समाजमंदिरात भिंतीला टेकून नुसते बसत. पण तो नट कमरेत वाकून चाले, हात थरथरवी आणि दर वाक्याला डिझेलपंप सुरू करावा तसा खोकला काढी. अखेर काकाजींना राहवलं नाही. ते पुढे आले आणि म्हातारा असा नसतो, असं म्हणून खुर्चीवर बसले.

मग ते उठले. म्हणजे आधी त्यांनी आपल्याकडे कोणी पाहत नाही ना, हे पाहून घेतलं. एक हात गुडघ्यावर दाबला, दुसरा खुर्चीच्या पाठीला, आणि उभे राहिल्यावर लगेच न चालता खिसे चाचपत राहिले, जणू काही शोधताहेत. गुडघा ताळ्यावर आल्यावरच पाऊल टाकलं. समाजमंदिरातले सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. "आमच्या शेजारी एक म्हातारा हाय," ते घाईने म्हणाले, "त्याचं पाहून ठेवलं." त्यांच्या शेजारी एका बाजूला राइस मिलचं बंद गोदाम आहे आणि दुसऱ्या बाजूला तळं.

त्यानंतर रोज त्या शेजाऱ्याबद्दल नवनवी माहिती मिळू लागली. ओळखीचं नाव आठवलं नाही की तो समोरच्याला ‘काय मालक’ म्हणून वेळ कशी निभावतो, ऐकू आलं नाही की कसा हसतो, आणि दुपारी घरात कोणी नसलं की जुने फोटो काढून किती वेळ बसतो. शेवटचं सांगताना ते मध्येच थांबले आणि पाणी प्यायला बाहेर गेले. गोंदियाच्या नटाने डोक्यावरची पावडर झटकली. तो मला म्हणाला, "सर, ये रोल तो बाबूजी का है. मैं तो बस खाँस रहा हूँ." तरण्या अधिकाऱ्याचं काम त्याने आनंदाने घेतलं, त्यात गाणं होतं.

तरी काकाजी ऐकेनात. आम्ही सगळे घरी गेलो, विनवण्या केल्या. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "लग्न झालं तवापासून मी त्या कॅप्टनसंगच संसार करून रायली. माह्या संगं म्हातारं व्हाले कोनी आलंच नाही. एक रात तरी येऊ द्या ना त्याले." दुसऱ्या दिवशी काकाजी कामठ्याला निघून गेले, आणि जाताना प्रथमच सगळ्यांना कामठ्याला जातो असंच सांगून गेले, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. परतले ते टोपी घालून. टोपीखाली पांढऱ्या केसांची मुळं दिसू लागली होती. ती मेकअपची पूर्वतयारी आहे, असा खुलासा त्यांनी आपणहून केला.

मंडईच्या नाटकाला पंचक्रोशी लोटली. शेवटच्या अंकात दिगंत आणि तरुण अधिकारी शत्रूच्या भिंतीपाशी येतात. माझ्या संहितेत दिगंत म्हणतो, ‘मी मागच्या दाराने येतो,’ आणि निघून जातो. पण काकाजी भिंतीजवळ पोचताच मंडपातून जुने लोक शिट्ट्या मारत ओरडू लागले, "उडी! उडी!" काकाजींनी भिंतीवर हात ठेवला. पाय मागे घेतला. विंगेत अध्यक्षांनी माझं मनगट आवळलं. ती भिंत बांबूची होती, पण गुडघा खरा होता. काकाजी तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात काढून घेतला, त्या नटाच्या पाठीवर ठेवला आणि नाटकातली शुद्ध भाषा सोडून म्हणाले, "तू जा, बापू. मी इथूनच पायतो." आणि खरोखरच तिथे, रंगमंचाच्या कडेला, हळूच खाली बसून पाहत राहिले. शिट्ट्या थांबल्या. मग मंडपभर टाळ्या झाल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. काकी पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून त्या नुसत्या पाहत होत्या.

यंदा पुन्हा कॅप्टन दिगंत लिहा, असा अध्यक्षांचा निरोप आला आहे. परवा काकाजी आमच्याकडे आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, निघताना दारात ते घोटाळले. यंदा त्या म्हाताऱ्याचं पुढे काय होतं, असं त्यांनी चपला घालता घालता, दुसरीकडे पाहत विचारलं. अजून सुचलं नाही, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन दुसरी चप्पल घातली.

"लिहा, जवाई," ते म्हणाले. "पन त्याले मारू नोका."